शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत: मंडळीची डोंगरचढण कशी आखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, हिवाळा लागला की डोंगरावर निघतात. कधी तरुण संघ, कधी रविवारच्या शाळेची मोठी मुलं, कधी सगळी मंडळी. फलकावर "सहभागिता", म्हणजे एकमेकांची सोबत, लिहिलेलं असतं. पण बऱ्याचदा धडधाकट पोरं तासाभरात माथा गाठतात, मागून येणाऱ्यांची थोडा वेळ वाट पाहतात, मग कंटाळून संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू होतो. विषय असतो "एक शरीर, अनेक अवयव". तेव्हा चार माणसं अजून खालच्या वळणावर असतात.

ही चूक मीही केली आहे. मी पहिल्यांदा गट नेला तेव्हा एका मावशींना अर्ध्या वाटेत जांभळाखाली बसवलं आणि "उतरताना घेतो तुम्हाला" म्हणून पुढे गेलो. दोन तासांनी खाली आलो. सगळ्यांसाठी भरून आणलेली चिरमुऱ्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती, गाठही सोडलेली नव्हती. "तुमच्याबरोबर खाऊ म्हटलं," एवढंच त्या बोलल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. माथ्यावरच्या संदेशातून सहभागिता शिकवता येत नाही. ती चालण्याच्या क्रमातून, वेगातून आणि ओझ्याच्या वाटणीतून शिकली जाते. म्हणून या तीन गोष्टी आधी आखायच्या आणि संदेश सगळ्यांत शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

टप्पा १: डोंगर निवडा, पण तो सगळ्यांत हळू चालणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून

पहिल्या खेपेला राजहंसगड घ्या. येळ्ळूरच्या बाजूने चालत चढता येतं आणि गाडीरस्ता वरपर्यंत गेलेला आहे. रस्ता असलेल्या डोंगरावर कसली चढण, असं तरुण मुलं म्हणतील. त्यांना सांगा की कोणाचा पाय मुरगळला तर गाडी वर येऊ शकते, आणि या एका सोयीमुळे गुडघेदुखीवाल्या काकांनाही बोलावता येतं.

दुसऱ्या खेपेला देवरवाडीचा वैजनाथ डोंगर चांगला. तो चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत येतो. सीमेवर मोबाइलला कुठल्या राज्याचा टॉवर लागेल याचा नेम नसतो. मदतीसाठी १०८ किंवा ११२ लावलात तर आधी गाव, तालुका, जिल्हा सांगा आणि मगच काय झालं ते सांगा. हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा. घाबरलेल्या माणसाला तालुकाही आठवत नाही.

खानापूरच्या पश्चिमेचं जंगल पहिल्या गटासाठी नको. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात गवे आणि अस्वलं आहेत, आणि पावसाळ्यात त्या पट्ट्यात धो धो पाऊस कोसळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. फेब्रुवारीच्या शेवटी गवत वाळून इतकं गुळगुळीत होतं की बूट निसटतो, हेही लक्षात ठेवा.

दोन आठवडे आधी दोघांनी जाऊन वाट पाहून यायचं. किती वेळ लागला ते लिहायचं आणि गटासाठी त्याच्या दुप्पट धरायचा. पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, दहा माणसं बसतील अशी जागा कुठे आहे, हे टिपून घ्या. कड्यावर किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर ती वाटच सोडा.

*तपासा:* दुप्पट वेळ धरूनही दुपारी १ च्या आत गट खाली येतो का? येत नसेल तर डोंगर बदला.

टप्पा २: माणसं जोडा, तिघा-तिघांची

पंचवीसच्या वर माणसं झाली तर दोन गट करा. एका आवाजात हाक पोहोचली पाहिजे.

दोघांच्या जोड्या लावायची पद्धत आहे, ती मला अपुरी वाटते. एकाला दुखापत झाली तर दुसऱ्याने त्याच्याजवळ थांबायचं की मदत आणायला जायचं? तिघं असले की एक थांबतो आणि एक जातो. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातला चौथा अध्याय आपण लग्नांत वाचतो, पण तो अगदी वाटेवरचा आहे: एक पडला तर दुसरा त्याला उठवील, आणि तीनपदरी दोरी सहजी तुटत नाही.

तिकडी लावताना मैत्रिणी-मैत्रिणी किंवा भाऊ-भाऊ एकत्र ठेवू नका. एक तरुण, एक वयस्क आणि एक नवा किंवा मागे मागे राहणारा, अशी लावा. ज्या तिकडीत स्त्री किंवा मुलगी असेल तिच्यात किमान दोघी असाव्यात. अठराच्या आतल्या मुलांच्या आईवडिलांची लेखी संमती घ्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट करता येते, आणि ती मनापासून करा. आपल्या कितीतरी मंडळ्यांत सकाळी मराठी उपासना आणि नंतर कन्नड उपासना असते. वर्षानुवर्षं एकाच दारातून आतबाहेर करूनही दोन्हीकडची माणसं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. तिकडीत दोन्ही भाषांची माणसं घाला. सूचना दोन्ही भाषांत द्या. चार शब्द सगळ्यांना पाठ हवेत: निल्ली म्हणजे थांबा, बन्नी म्हणजे या, नीरु म्हणजे पाणी, आणि निधान म्हणजे सावकाश. आमच्या गटातल्या एका आजींनी "निधान, निधान" अशी हाक ऐकली आणि विचारलं, "कसला ठेवा सापडला रे बाळा?" मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडमध्ये सावकाशपणा. पुढे सगळी वाट त्या दोघी-तिघी त्या एका शब्दावर बोलत चढल्या.

आजारपण चारचौघांत विचारू नका. "तुम्हाला जमेल का हो?" असं सगळ्यांसमोर विचारलं की माणूस एकतर खोटं बोलतो किंवा येणंच टाळतो. घरी जाऊन विचारा: दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास, गुडघे, गरोदरपण. हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढण नाही.

*सावध:* ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांना वगळू नका. गाडीने वर येणारे, पायथ्याशी स्वयंपाक सांभाळणारे, घरी बसून ठरलेल्या वेळी प्रार्थना करणारे, सगळ्यांची नावं एकाच यादीत लिहा.

टप्पा ३: ओझी वाटा

हा टप्पा सगळ्यांत जास्त चुकतो, म्हणून इथे थोडा थांबतो.

गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन वाक्यं अगदी जवळजवळ आहेत. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलं आहे. पाचव्या वचनात म्हटलं आहे की प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहावा. वाचणारा गोंधळतो. मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या वचनातला बारोस म्हणजे माणूस वाकेल असं जड ओझं, आणि पाचव्यातला फोर्तियोन म्हणजे ज्याचं त्याला नेमून दिलेलं गाठोडं. डोंगरावर हा फरक खांद्याला कळतो.

ज्याचं त्याने वाहायचं: पाण्याच्या बाटल्या (माणशी किमान २ लिटर), स्वतःची औषधं, टोपी, एक फडकं, थोडा सुका खाऊ. दम्याचा पंप आणि साखर उतरली तर खायची गोड गोळी बॅगेत नको, खिशात हवी.

सगळ्यांनी मिळून वाहायचं: प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, जेवणाचा डबा, जादा पाणी, दोरी, चटई, गीतांची पुस्तकं, कचऱ्याची पोती. हे सगळं सामान आदल्या संध्याकाळी चर्चच्या ओसरीवर मांडा आणि तिकड्यांमध्ये वाटा. तिकडीने ते आपसांत कसं न्यायचं ते तिचं तिने ठरवायचं, पण दर थांब्यावर पिशवीने खांदा बदललाच पाहिजे.

चुका कशा होतात ते सांगतो. एक, सगळं सामान दोन तगड्या पोरांच्या पाठीवर टाकलं जातं. ती पोरं पुढे निघून जातात आणि मागच्याला चक्कर आली तेव्हा ओआरएस माथ्यावर असतं. दोन, वयस्कांना काहीच दिलं जात नाही. त्यांना ते बरं वाटेल असं आपण समजतो, पण काहीच न देणं म्हणजे तुमची गरज नाही असं सांगण्यासारखं आहे. आजींना गीतांची दोन पुस्तकं द्या, काकांना शिट्टी द्या. तीन, काही माणसं आपलं ओझं कोणाला घेऊ देत नाहीत. "असू दे, होतंय की मला," म्हणत शेवटपर्यंत ओढतात. वाहणं लवकर जमतं. ओझं दुसऱ्याच्या हातात द्यायला मात्र फार नम्रता लागते. म्हणूनच खांदा बदलण्याचा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, म्हणजे कोणाला मागावं लागत नाही.

पायांकडेही बघा. आपल्या बायका-माणसं चपला घालून निघतात, कारण बूट नसतात. आठवडाभर आधी मंडळीत विचारून घराघरांतले जुने स्पोर्ट्स शूज गोळा करा आणि ज्यांच्या मापाचे असतील त्यांना वापरायला द्या. नवे करकरीत बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका. टाच गरम लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नाही.

*तपासा:* प्रथमोपचाराची पेटी गटाच्या शेवटच्या माणसाजवळ आहे ना?

टप्पा ४: निघायची सकाळ

६ ला जमा, ७ ला पायथ्यावरून पहिलं पाऊल. उपाशीपोटी कोणी चढायचं नाही, "उपास धरलाय" म्हणणाऱ्यानेही नाही, आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने तर मुळीच नाही. पोहे, केळं, चहा पुरे.

पायथ्याशी प्रार्थना तीन मिनिटांची. इथे लांब संदेश दिला की ऊन वर येतं आणि त्याचा त्रास शेवटच्या माणसाला होतो. डोकी मोजा, आकडा मोठ्याने सांगा. मग प्रत्येक तिकडीने आपल्या तिघांची नावं घ्यायची.

टप्पा ५: चढण

*क्रम.* सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला माणूस. त्याच्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणाऱ्यांची तिकडी. मध्ये बाकीचे. सगळ्यांत मागे गटातला सगळ्यांत दमदार आणि शांत स्वभावाचा माणूस, त्याला आम्ही राखणदार म्हणतो. राखणदाराच्या मागे कोणी राहायचं नाही आणि वाटाड्याच्या पुढे कोणी जायचं नाही. दोनच नियम. वाटाडा शक्यतो चाळिशीच्या पुढचा घ्या, वीस वर्षांच्या मुलाला हळू चालणं अवघड जातं.

*वेग.* उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात एसाव भावाला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, लेकरं कोवळी आहेत, मेंढरं दूध पाजणारी आहेत, एक दिवस जरी दामटली तरी सगळा कळप मरेल, मी त्यांच्या चालीने सावकाश येतो. आपल्या माळावर धनगराचा कळप जाताना ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

वेग बरोबर आहे का ते बघायची सोपी खूण आहे. हळू चालणाऱ्या माणसाला गीताची एक पूर्ण ओळ मध्ये न थांबता म्हणता आली पाहिजे. धाप लागून ओळ तुटली तर वेग जास्त आहे. ही परीक्षा वाटाड्याची घेऊन उपयोग नाही, त्याला तर चार कडवी म्हणता येतात. मात्र चालताना सतत गात जाऊ नका, श्वास पुरत नाही. गाणं थांब्यावर. पहिली २० मिनिटं मुद्दाम फार सावकाश चाला. सगळ्यांत जास्त माणसं इथेच दमतात.

*थांबे.* दर अर्ध्या-पाऊण तासाला १० मिनिटांचा थांबा. आता या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य: थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यावर मोजायला सुरुवात करायची. आपल्याकडे उलटं होतं. पुढचे दहा मिनिटं बसतात, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि त्याला बघताच सगळे "चला, आले सगळे" म्हणत उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तीन थांब्यांनंतर तो म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच बसतो." माझ्या मावशींचं हेच झालं होतं. मंडळीतही माणसं अशीच सुटतात, आणि आपल्याला वाटतं की त्यांना गोडी नाही.

म्हणून शेवटचा बसला, पाणी प्यायला, मग घड्याळ बघा. पुढच्यांना तेवढा वेळ जास्त बसावं लागेल. बसू द्या.

*खरं बोला.* "थोडंच राहिलंय" हे वाक्य बंद. दमलेल्याला धीर देण्यासाठी म्हणतात, पण वळणापलीकडे अजून चढ दिसला की तो मनाने खचतो आणि पुन्हा तुमच्यावर भरवसा ठेवत नाही. "अजून दोन थांबे आहेत" असं स्पष्ट सांगा.

*कोणी अडकलं तर.* निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी एक धोंडा आणून त्याला बसायला दिला आणि मग हात धरले. तोच क्रम पाळा: आधी सावलीत बसवा, मग पाणी, मग बोलणं. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

*सावध:* छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटून अंग गार पडणं, असं काही झालं की चढण तिथेच संपली. माणसाला चालवत खाली आणू नका, बसवा आणि १०८ लावा. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो भाग न हलवता उचलून गाडीपर्यंत आणि थेट मोठ्या इस्पितळात. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून सरळ लांब जा, हात झटकू नका. अत्तर लावून येऊ नका हे आदल्या दिवशीच सांगा.

टप्पा ६: माथ्यावर

शेवटची पन्नास पावलं आधी सगळ्यांनी थांबायचं आणि एकत्र माथ्यावर पाऊल टाकायचं. हळू चालणारी तिकडी पुढे.

वर आल्यावर लगेच संदेश नको. घामाने अंग भिजलेलं असतं आणि वाऱ्याने गारठा भरतो. आधी अंग पुसा, खा. भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा, चिरमुरे, आणि शेवटी बेळगावी कुंदा. प्रत्येकाने स्वतःचा डबा कोपऱ्यात उघडायचा नाही. सगळं चटईवर एकत्र, आणि आपल्या तिकडीबाहेरच्या माणसाला वाढायचं.

मग गोल करून बसा. संदेश दहा मिनिटांचा, वाटेवर जे झालं त्यावरच. त्यानंतर प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आज माझं ओझं कोणी घेतलं? "मी कोणाचं घेतलं" हा प्रश्न विचारू नका. त्यात स्वतःची बढाई येते आणि हळू चालणारे गप्प बसतात.

*सावध:* राजहंसगडावर सिद्धेश्वराचं मंदिर आहे, वैजनाथवरही मंदिर आहे, लोक दर्शनाला येत असतात. त्यांच्यापासून लांब बसा. स्पीकर नको, पत्रकं नकोत. गडाच्या भिंतीवर चढू नका. कोणी विचारलं तर नम्रपणे सांगा की आमच्या चर्चची सहल आहे, आणि त्यांनाही चिरमुरे द्या.

टप्पा ७: उतरण

येशूच्या पेत्र या शिष्याला डोंगरावर मंडप घालून राहावंसं वाटलं होतं, आपल्यालाही वाटतं. पण ११ ला उठा.

पाय मुरगळणं, घसरणं, गुडघे धरणं जास्त करून उतरताना होतं, कारण पाय थकलेले असतात आणि मन सैल झालेलं असतं. क्रम चढणीसारखाच. गुडघे थोडे वाकवून, लहान पावलं टाकत, गुळगुळीत जागी तिरकं उतरायचं. मुलांनी धावायचं नाही. खाली आल्यावर पुन्हा डोकी मोजा, आणि राखणदाराने "माझ्या मागे कोणी नाही" असं मोठ्याने म्हटल्यावरच गाडी सुरू करा.

टप्पा ८: पुढचे चार रविवार

हा टप्पा बहुतेक मंडळ्या घेतच नाहीत. तिकड्या मोडू नका. चार आठवडे प्रत्येक तिकडीने एकमेकांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, आणि या चारांपैकी एका रविवारी तिघांनी मिळून, जो येऊ शकला नाही अशा एका माणसाच्या घरी जायचं. हात हलवत जाऊ नका, डब्यातलं काहीतरी न्या. मराठीवाल्याने एकदा कन्नड उपासनेला बसायचं, कन्नडवाल्याने मराठीला.

उसने घेतलेले बूट आठवड्याच्या आत धुऊन, उन्हात वाळवून ज्याचे त्याला परत करा. लेस तुटली असेल तर नवी घाला, आणि ते बूट ज्याने घातले होते त्यानेच नेऊन द्यावेत.